मामाजींचा सायेब

आमच्या घरी पाहुणे आले की त्यांना प्यायला पाणी मिळायच्या आधी माझ्या सासऱ्यांचं पोट बघायला मिळतं.

मी वाढवून सांगत नाही. बेल वाजते, बायको दार उघडते, पाहुणे चपला काढून सोफ्यावर टेकतात, आणि मी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत सासरेबुवांच्या सदऱ्याची खालची बटणं निघालेली असतात. पोटाच्या डाव्या अंगाला चिकटवलेली कातडीच्या रंगाची पिशवी ते अशा थाटात दाखवतात, की नवी गाडी घेतलेला माणूस पार्किंगमध्ये नेऊन गाडी दाखवेल. "हे पाहा. माझं संडास आता इथून होते." पाहुण्यांत एखादा नाजूक मनाचा असला तर तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतो. माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ तर "गाडी नो पार्किंगमध्ये आहे" म्हणून जे खाली गेले, ते परत वर आलेच नाहीत. त्यांच्यासाठी केलेला तर्री-पोहा मी दोन दिवस खाल्ला.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. पूर्ण नाव दिगंबर काळबांडे. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला पुढचं दिसत असावं, असं मी एकदा वर्षाजवळ बोललो. वर्षा म्हणजे माझी बायको, मामाजींची एकुलती एक मुलगी. ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मामाजी रामटेकचे. तहसील कचेरीत कारकून होते, निवृत्त झाले. थोडी धानाची शेती आहे, ती बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलेली. सासूबाई काही वर्षांपूर्वी पोटाचं काहीतरी होऊन अचानक गेल्या, तेव्हापासून घरात एकटेच. आम्ही नागपुरात मनीषनगरला राहतो, मी वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात हिशेब बघतो. मामाजींनी आमच्याकडे राहायला यावं म्हणून वर्षा दर सणाला रडायची आणि मामाजी दर सणाला एक पोतं तांदूळ देऊन तिची बोळवण करायचे.

मग एक दिवस त्यांना शौचाच्या जागी रक्त दिसलं. दुसरा कुणी असता तर मूळव्याध असेल म्हणून गप्प बसला असता. मामाजींनी त्याच सकाळी वर्षाला फोन केला, मला केला, आणि आम्ही रामटेकला पोचेपर्यंत किराणावाला, ऑटोवाला, शेजारचे गुरुजी या सगळ्यांना ती बातमी तपशिलासकट कळलेली होती. तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला, पण लवकर सापडला होता. नागपुरात ऑपरेशन झालं. खालची वाट कायमची बंद करून डॉक्टरांनी आतड्याचं टोक पोटावर आणून बसवलं. लाल, ओलसर, गुलाबाच्या कळीसारखं, असं सिस्टर म्हणाल्या. मी बघितलं तेव्हा मला काही कळी आठवली नाही.

मामाजींनी मात्र त्याचं बारसंच करून टाकलं. नाव ठेवलं 'सायेब'.

"जिंदगीभर सायबाच्या मांगं मांगं फिरलो," ते वॉर्डातल्या सगळ्यांना सांगत, "आता सायेब पोटावर येऊन बसला. कवा येईन, कवा जाईन, सांगत नाही. नोटीस नाही, परिपत्रक नाही."

आणि हॉस्पिटलातून मामाजींना आम्ही आमच्याच घरी राहायला आणलं, तिथून घरात सायबाचं राज्य सुरू झालं. सायेब नाराज आहेत. सायेब दौऱ्यावर आहेत. सायबानं आज सकाळपासून कामकाज सुरू केलं नाही. रस्सा तिखट झाला की सायेब चिडतात, कोबीची भाजी झाली की फुगतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे गंभीरपणे पाण्याच्या टाकीवर बोलत असताना मामाजींच्या सदऱ्याखालून मोठा आवाज आला. मी जमिनीत जायला जागा शोधू लागलो. मामाजी शांतपणे सेक्रेटरींना म्हणाले, "चालू द्या, सायबाची हरकत नाही."

इथवर सगळं सहन करता आलं असतं. पण पिशवी गळायला लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिशवीला मागे एक चिकट चकती असते. तिच्या मधोमध सायबाच्या मापाचं भोक कापायचं, चकती पोटावर बसवायची, की आतलं सगळं पिशवीत जातं आणि माणूस कुठेही हिंडू शकतो. चकती नीट बसली तर आपण काही बांधलंय हे स्वतःलाही विसरायला होतं, असं हॉस्पिटलात सांगितलं होतं. आमच्याकडे ती विसरायची सोयच नव्हती. कारण चकती कडेनं सुटायची आणि माल खाली उतरायचा. माझ्या गाडीच्या सीटवर उतरला. लिफ्टमध्ये उतरला. वर्षाच्या मैत्रिणीच्या घरी वास्तुशांतीला गेलो होतो, तिथे नव्या सोफ्यावर उतरला. आम्ही त्या मैत्रिणीला अजून तोंड दाखवलेलं नाही. मामाजी मात्र तिथेही यजमानांना धीर देत होते, की घाबरू नका, माझं आहे, तुमचं नाही.

मी गोदामात असलो की फोन यायचा. मी एकदा फोन स्पीकरवर ठेवून मालाच्या पावत्या जुळवत होतो, समोर मोठी पार्टी बसलेली, आणि फोनमधून आवाज आला, "जवाईबापू, सायेब सुटले गा." पार्टीला वाटलं, आमचा मालक जामिनावर सुटला. त्यांनी उठून माझं अभिनंदन केलं.

मी म्हणालो, मामाजी, चकती मी लावून देतो. यावर त्यांनी जे तोंड केलं ते मी विसरणार नाही. लग्नात त्यांनी माझे पाय धुतले होते. ज्याचे पाय आपण धुतले त्याला असलं काम सांगायचं म्हणजे पाप, असं त्यांचं म्हणणं. बरं, वर्षा करेल म्हटलं, तर ती मुलगी. मुलीनं बापाचं हे करायचं नसतं. बाई ठेवू म्हटलं, तर परकी बाई. नर्सिंगचा माणूस बोलावू म्हटलं, तर तो काय सायबाचा नातेवाईक आहे? म्हणजे बघा, दूधवाल्यानं पाहिलं, गॅसवाल्यानं पाहिलं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी पाहिलं, पण हात लावायचा नाही कुणी. हे सगळं ते न्हाणीघरात कडी लावून, दाढीच्या आरशात बघून, एकटे करणार. आणि वर प्रत्येक वेळी बाहेर येऊन जाहीर करणार, की आज अशी बसली आहे, की निघायची तर कातडीसकट निघेल.

एकदा खरंच तसं झालं. चकती टिकत नाही म्हणून मामाजींनी चौकातल्या सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणलं आणि लावलं. ट्यूबला चालते तर पोटाला काहून नाही चालणार, हा त्यांचा हिशोब. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यावर आवाज चढवला. ते पलंगावर पडून पंखा मारून घेत होते, पोटावर लालभडक चट्टा, आणि मी खोलीत येरझारा घालत ओरडत होतो. ते मधेच म्हणाले, "पन गळलं नाही." मी खोलीबाहेर निघून गेलो.

याच्याहून वाईट गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. मामाजींनी जेवण तोडलं होतं. पोटात गेलं नाही तर बाहेर येणार नाही, असा साधा विचार. ताटात वाढलेलं आमच्या नकळत कमी करायचे, भूक नाही म्हणायचे, चहावर दिवस काढायचे. धानाचं पोतं एकट्यानं उचलणारा माणूस, त्याची मनगटं दिसू लागली. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी वजन बघितलं, पोटाची सोललेली कातडी बघितली आणि आम्हाला स्वच्छ सांगितलं, की अशा अंगावर पुढची औषधं सुरू करता येणार नाहीत. आधी हे गळणं थांबवा, खायला घाला, मग या. औषधं लांबली तर काय होईल, हे विचारायची हिंमत वर्षाची झाली नाही, आणि माझीही झाली नाही. बाहेर बाकड्यावर मामाजी शेजारच्या पेशंटला बटणं काढून दाखवत होते.

हॉस्पिटलात या पिशव्यांचंच काम बघणाऱ्या एक सिस्टर होत्या. त्यांच्याकडे गेलो. सिस्टरांनी आधी मापाचा कागद सायबावर धरला आणि मान हलवली. ऑपरेशननंतर सूज असते, ती उतरली की तोंड लहान होतं. आम्ही आपले पहिल्या दिवसाच्या मापाचं भोक कापत बसलो होतो. भोक मोठं, म्हणून कातडी उघडी. उघड्या कातडीला घाण लागते, ती सोलते, ओली होते. ओल्या कातडीवर चकती धरत नाही, मग आणखी गळतं. सायेब बारीक झाले हे ऐकून मामाजींना वाईट वाटलेलं दिसलं. किती जागा सोडायची म्हणून त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, चारी बाजूंनी अगदी जराशी, दोन मिलिमीटर.

"म्हंजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी," मामाजी म्हणाले. "असं सांगा ना."

मग सिस्टरांनी कातडीवर बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, हे चकचकीत काय आहे? मामाजी अभिमानानं हसले. लहानपणापासून रोज आंघोळीनंतर बेंबीत खोबरेल तेल घालून ते पोटभर चोळायची त्यांची सवय. त्यानं डोळे चांगले राहतात. ऑपरेशननंतर टाके सुकल्याबरोबर त्यांनी ती पुन्हा सुरू केली होती. मी दोन महिने चकतीच्या कंपन्या बदलत होतो, एजन्सीवाल्याशी भांडत होतो, माल खराब येतो म्हणून लेखी तक्रारी करत होतो, आणि हा माणूस रोज सकाळी तेल लावून त्याच्यावर चकती चिकटवत होता. मी खिडकीजवळ जाऊन बाहेर बघत उभा राहिलो.

तरी सिस्टरांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी विचारलं, घरी बसता कसे? मामाजी म्हणाले, बसतो म्हणजे बसतो. मग वर्षानं सांगितलं, की बाबा जेवायला खुर्चीवर बसत नाहीत, खालीच मांडी घालतात, आणि पेपरही तसेच वाचतात. सिस्टरांनी त्यांना तिथेच चादर टाकून मांडी घालायला लावली. मामाजी पंगतीला बसल्यासारखे बसले. आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं, की पलंगावर आडवं असताना सपाट दिसणाऱ्या त्या पोटाला बसल्याबरोबर एक खोल घडी पडते, आणि ती बरोबर चकतीच्या खालून जाते. हॉस्पिटलात आजवर सगळं माप झोपवून घेतलं होतं. चकती आडव्या पोटासाठी लावलेली, आणि माणूस दिवसभर बसलेला. त्यात भर म्हणजे मामाजी पायजम्याची नाडी बरोबर चकतीवरून आवळत. लग्नात बांधली त्या जागेवरून ती हलवायला ते तयार नव्हते.

सिस्टरांनी मऊ आणि मधे किंचित फुगीर अशी वेगळी चकती दिली, घडी भरून काढायला चिकट पट्टी दिली, कमरेला बांधायचा एक हलका पट्टा दिला. तेल बंद. साबण लावून घासणं बंद, फक्त साधं पाणी, आणि कातडी पूर्ण कोरडी. नाडीऐवजी इलॅस्टिकचा, चकतीच्या वरपर्यंत येणारा पायजमा. पिशवी एक-तृतीयांश भरली की लगेच रिकामी करायची, नाहीतर वजनानं चकती ओढली जाते. आणि शेवटचं, चकती लावायच्या आधी काखेत धरून कोमट करायची, आणि लावल्यावर वरून हाताचा तळवा ठेवून थोडा वेळ स्वस्थ पडून राहायचं. अंगाच्या उबेनं ती धरते.

मामाजींनी स्वतःचा हात ठेवून दाखवला. सिस्टरांनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, आजोबा, तुमचे हात बर्फासारखे गार आहेत. अशक्तपणा आहे. घरच्या कुणाचा तरी ठेवा.

घरी आल्यावर पुन्हा तोच तमाशा. ज्याचे पाय धुतले, पाप, मुलीनं बापाचं, वगैरे. मी ऐकून घेतलं. मग मी म्हणालो, "मामाजी, अख्ख्या मनीषनगरनं तुमचं पोट पाहिलंय. धोबी येऊन बघून जातो. मी हात ठेवला तर काय बिघडणार आहे?"

मामाजी पलंगावर आडवे झाले, डोळे मिटले आणि म्हणाले, "ठेवा गा मंग. पन वर्षाच्या आईले सांगू नका." सासूबाई जाऊन तर किती काळ झाला होता. मला वाटलं, सवयीनं बोलले.

चकती टिकली. आधी एक दिवस, मग दोन, मग बदलायचा दिवस येईपर्यंत तशीच. मामाजी मांडी घालून जेवले तरी टिकली. वर्षानं भीत भीत वांग्याची भाजी केली, तरी टिकली. कातडी भरून आली. वजन वाढलं, औषधं सुरू झाली. त्या दिवसांत उलट्या व्हायच्या, तोंडाची चव जायची, पण पिशवीनं दगा दिला नाही. आता दर काही दिवसांनी सकाळी आंघोळ झाली, की मामाजी हाक मारत आणि मी ऑफिसला जायच्या आधी त्यांच्या पोटावर हात ठेवून बसत असे. त्या वेळात ते मला तहसील कचेरीतल्या बदल्यांचा इतिहास सांगत. कोण कुणाच्या जागी आला आणि कुणाला गडचिरोलीला पाठवलं. मला पळून जाता यायचं नाही, कारण हात अडकलेला.

आपली सुटका झाली असं मला वाटलं होतं. पण गळतीची भीती होती तोवर मामाजींचा प्रचार निदान घरापुरता होता. चकती पक्की बसल्यावर तो रस्त्यावर आला. बागेतल्या बाकावर, केशकर्तनालयात, लिफ्टमध्ये तळमजला ते चौथा मजला एवढ्या वेळात. एका लग्नात ते पंगतीत उभे राहून आग्रह करणाऱ्या वाढप्याला पोट दाखवत होते आणि सांगत होते, की जिलेबी वाढ, चकती पक्की आहे. आणि प्रत्येक ठिकाणी शेवट ठरलेला. रक्त दिसलं का सांगायचं. घरी सांगायचं, डॉक्टरला सांगायचं. लाजायचं नाही. पाहा, मी सांगतलं, वाचलो.

मी समजावून पाहिलं. वर्षानं रागावून पाहिलं. एक महिना मी त्यांना बटणांऐवजी टी-शर्ट घालायला लावले. टी-शर्ट तर वर करायला आणखी सोपा पडतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कळस गणपतीत झाला. सोसायटीचा गणपती, आरती संपलेली, मुलांच्या स्पर्धांसाठी माइक लावलेला. सेक्रेटरी नावं पुकारायला चष्मा शोधत होते, तेवढ्यात मामाजींनी माइक घेतला. मी मागच्या रांगेतून निघालो, पण खुर्च्यांमधून पोचेपर्यंत उशीर झाला. सगळ्या सोसायटीला सायबाची ओळख करून देण्यात आली. बायकांना उद्देशून वेगळं सांगण्यात आलं. तुम्ही बायका लई लपवता, हे बरं नाही, असं म्हणून त्यांनी जे काही वर्णन केलं, त्यानंतर पहिल्या मजल्यावरच्या बोरकर काकू उठून निघून गेल्या.

बोरकर काकू म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. काकांच्या मागे एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. साडीची घडी कधी विस्कटलेली दिसायची नाही, आणि जिन्यात कुणी मोठ्यानं बोललं तर दार उघडून नुसतं बघतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, की तुमच्या सासऱ्यांना आवरा, ही सभ्य लोकांची वस्ती आहे. मी माफी मागितली. वर येऊन मामाजींना म्हणालो, की आता घराबाहेर एकही बटण निघालं तर मी तुम्हाला रामटेकला नेऊन सोडेन. ते म्हणाले, "बरं." इतक्या सहज म्हणाले, की मला जास्तच राग आला.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं तर बोरकर काकू. वर्षा आहे का, म्हणून विचारलं. वर्षा गच्चीवर कपडे काढायला गेली होती. येईलच, बसा म्हटलं. काकू आत आल्या, पण बसल्या नाहीत. मामाजी खाली मांडी घालून पेपर वाचत होते. मी मनात म्हटलं, आता बटणं. आता ही बाई पोलिसांत जाणार.

काकू मामाजींकडे बघत होत्या. हातातली किल्ली एका बोटातून दुसऱ्या बोटात फिरवत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "तुम्हाला पहिल्यांदा दिसलं, तेव्हा किती होतं?"

मामाजींचा हात बटणाकडे गेला नाही. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, उठून काकूंसाठी खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही जरा आत जा."

गावभर स्वतःचं पोट दाखवत फिरणाऱ्या माणसानं मला पहिल्यांदा खोलीबाहेर पाठवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. बाहेरून मामाजींचा आवाज येत होता, पण इतका खालचा, की शब्द कळत नव्हते. त्यांना हळू बोलता येतं हेच मला माहीत नव्हतं. मी चहा घेऊन जायचं धाडस केलं नाही. तो उकळून काळा झाला. वर्षा आली तेव्हा काकू डोळे पुसत होत्या आणि मामाजी वर्षाला म्हणाले, "पोरी, उद्या सकाळी काकूसंगं डॉक्टरकडे जाय. मांगच्या बाजूनं, रिक्षानं. सोसायटीतल्या कोनाले समजलं नाही पाहिजे."

वर्षा गेली. पुढच्या तपासण्यांनाही तीच गेली. काकू गेले कित्येक महिने अंगावर काढत होत्या. मुलाला काय सांगायचं, असलं कसं सांगायचं, म्हणून गप्प होत्या. गाठ निघाली, पण लहान होती. दुर्बिणीतूनच काढून टाकता आली, पोटाला चीर द्यायची वेळ आली नाही. आता फक्त अधूनमधून तपासायचं. हे सांगायला काकू स्वतः आल्या. दारातच उभ्या राहून वर्षाला सगळं सांगितलं, आणि मग आत डोकावून मामाजींना नमस्कार केला. मामाजींनी नुसती मान हलवली. त्या गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन कितीतरी वेळ नळ सोडून बसले.

दुसऱ्या दिवशी चकती बदलायची होती. मामाजी आडवे झाले, मी चकती काखेत कोमट केली, दाण्याच्या जाडीएवढी फट सोडून बसवली आणि वर हात ठेवून बसलो. माझी मनःस्थिती चांगली होती. मी चेष्टेनं म्हणालो, की मामाजी, तुम्ही जिंकलात. आता सेक्रेटरींना सांगून गेटवर तुमच्या नावाचा बोर्डच लावून घेऊ, सायबाचे दर्शन सकाळी दहा ते बारा.

ते हसले नाहीत. छताकडे बघत होते. वर्षा आत डबा भरत होती, तिच्याकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"वर्षाच्या आईले बी हेच होतं," ते म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं तवा पार वर चढलं होतं. वर्षाले मी सांगतलं नाही. तिले वाटते, आई अचानक गेली."

हाताखाली त्यांचं पोट वर-खाली होत होतं.

"ती आपले कपडे येगळे धुवे. सकाळी अंधारात उठून, मांगच्या नळावर. मले काय माईत? मी म्हनलं, म्हातारपनी हिले सोवळ्याचं येड लागलं. कोनी घरी आलं का मी सांगत जाओ, आमच्या हिची कहानी ऐका. रामटेकचं सारं पानी ही एकटीच संपवते. लोक लई हसत. मी नक्कल बी करून दाखवो, कशी पदर खोचून घासते. दर पाहुण्याले दाखवो."

आत वर्षानं डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"ती बी हसे," मामाजी म्हणाले. "चहा घेऊन यायची, अन् उभी राहून सगळ्याइसंगं हसे."

मला ऑफिसला उशीर होत होता. वर्षानं दोनदा हाक मारली. चकती केव्हाच धरली असणार. मी हात काढला नाही, आणि त्यांनीही काढा म्हटलं नाही.